माजलेला पावटा

पावट्याचा वेल बुधूच्या अंगणात एवढा माजला होता, की मांडवाला दोनदा नवे टेकू द्यावे लागले. धसईच्या बाजाराला निघालेली माणसंही वाटेत थांबून विचारायची, "काय घालतोस रे याला?" बुधू छाती फुगवून सांगायचा, "शेण, राख आन् माया." त्यात भाताचा उरलेला युरियाही होता, ते तो सांगायचा नाही. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याची वस्तू दुसऱ्यापेक्षा चार बोटं मोठी असावी लागायची. ग्रामपंचायतीचा सोलरचा दिवासुद्धा त्यानं भांडून, हातापाया पडून आपल्याच अंगणात लावून घेतला होता. रात्रभर अंगण असं लख्ख, की कोंबड्यांना खुराड्यात जायचं भान राहत नसे.

वेल पानांनी भरला. फुलाचा मात्र पत्ता नव्हता. मार्गशीर्ष सरला, पौष लागला, वाडीतले हडकुळे वेल शेंगांनी लगडले, आणि बुधूचा आपला हिरवागार. पाणवठ्यावरच्या बायकांनी त्याचं नाव 'पोळ' ठेवलं. गावाच्या नावानं सोडलेला बैल, खायला पुढं आणि कामाला मागं.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण बी आईचं होतं. जांभळ्या काठाची शेंग, आत टपोरा दाणा. असा पावटा साऱ्या मुलखात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. आई गेल्यावर बुधूची धाकटी बहीण ठमी तो दरसाल लावून जपत आली होती. ती तानशाकडे दिलेली. यंदा तिच्या घरात कौलांतून पाणी गळलं आणि राखेत ठेवलेलं बी कुजलं. लावलेले वेल वानरांनी ओरबाडले. वैशाखात तिनं भावाला हौसेनं पाच दाणे दिले होते, त्यांतला एकच रुजला, तो हा. यानं बी धरलं नाही, तर आईचा पावटा संपला.

दिवाळीत ठमीनं फोनवर विचारलं होतं, "धरला का रे दादा?"

"शेंगा मोजवत नायत," बुधूनं ठोकून दिलं. आज ना उद्या लागतीलच, मग ते खोटं कसं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

आता ठमीचा फोन आला. ती उद्या येणार होती, आटगाववरून शहापूर, मुरबाड करत दुपारच्या गाडीनं. बी न्यायला.

बुधूनं हातातला घास परत ताटात ठेवला. त्याची सून रविना ताट वाढता वाढता म्हणाली, "मामा, कोयता दाखवायचा ना त्याला. आत्या येतातच हायत, दोघं मिळून दाखवा."

न धरणाऱ्या झाडाला कोयता दाखवायची रीत वाडीत सगळ्यांना ठाऊक होती. एकानं कोयता उगारायचा आणि म्हणायचं, तोडतो याला. दुसऱ्यानं त्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, नको रे, राहू दे, धरंल तो. झाडाला धाक बसतो म्हणतात. लहानपणी कोयता बुधूच्या हातात असायचा, आणि झाडाला जामीन राहायची ठमी.

"ती येऊन काय बघंल? पाला?" बुधू गुरगुरला.

सकाळी रविना मुरबाडला कंपनीत गेली. बुधू कोयता घेऊन मांडवाखाली उभा राहिला. "तोडतो तुला," तो म्हणाला. तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं. हात उगारलेलाच होता आणि धरणारं कुणी नव्हतं. पाणवठ्यावरचं हसणं आठवलं, फोनवरची थाप आठवली, आणि कोयता खाली आला. मनगटाएवढं खोड एका घावात तुटलं.

मग त्यानं दगडानं ती कापलेली जागा ठेचून ठेवली, कुरतडल्यासारखी दिसावी म्हणून.

ठमी दुपारी आली तेव्हा मांडवावरची पानं माना टाकत होती. "घुशीनं मूळ खाल्लं गो," बुधू तिच्याकडे न बघता म्हणाला. ठमीनं पिशवी खाली ठेवली, खोडाशी बसली, ठेचलेल्या जागेवर बोट फिरवलं. ती उठून पान न् पान उलटं करून शेंगा शोधू लागली. सगळा मांडव झाला. मग ती गोठ्यामागं गेली.

"दादा, हिकडं ये."

गोठ्याच्या कुडाखालून वेलाची एक फांदी मागच्या करवंदीच्या जाळीवर गेली होती. सुतळीसारखी बारीक, पानं इवलीशी. मांडव नाही, टेकू नाही, कुणाची नजरही नाही. आणि तिला फुलांचे तुरे होते, आता मलूल झालेले. खाली जांभळ्या काठाच्या शेंगा.

बुधू बघतच राहिला. दिव्याचा उजेड गोठ्याच्या भिंतीला अडत होता. इथं रोज रात्र होत होती, आणि पुरता अंधार मिळाल्याशिवाय पावट्याला फूल येत नाही. पुढच्या अंगणात त्यानं पावट्याला रात्र म्हणून कळूच दिली नव्हती, नुसता वाढवत नेला होता. तो तिथंच मातीत बसला.

"घूस नाय गो. मीच तोडला."

"कळलंय मला."

"तू येशील आन् हसशील असं वाटलं."

"हसले असते," ठमी म्हणाली. "मग तुझा हात धरला असता. मी येतच व्हते ना रे."

बुधू रडला. आई गेली तेव्हाही तो एवढा रडला नव्हता.

ठमी शेंगा एकेक करून चाचपत होती. बहुतेक पोचट होत्या. तीन शेंगांत दाणा भरत आलेला लागला. आता खुडल्या तर सुरकुतून जातील. फांदीसकट सावलीला टांगल्या, तर असेल नसेल तो रस ओढून घेतील, कदाचित. दोघांनी ती फांदी जाळीतून सोडवली, तान्ह्या पोरासारखी दोन्ही हातांवर पडवीत आणली आणि आढ्याला बांधली.

उन्हं कलली. "गाडी चुकंल तुझी," बुधू म्हणाला. "जा तू. वाळल्या का मी आणून देतो."

"नाय. शेंगा वाळंपर्यंत मी हिथंच रहाते."

ज्या बहिणीनं पाच दाणे डोळे झाकून दिले होते, ती आता तीन शेंगा त्याच्या घरात सोडून जायला तयार नव्हती. बुधूला ते फार लागलं. पण तो घोंगडी आणायला आत गेला आणि शेंगांच्या बरोबर खाली तिचं अंथरूण घातलं.