निळ्या बाटलीतलं तेल

मी एक काळी, पायाने चालवायची शिलाई मशीन बोलतेय. लोणावळ्याला लागून असलेल्या कुसगावात, चैतालीच्या घरी, खिडकीपाशी माझी जागा आहे. मला आधी खटकला तो वास. मशीनच्या तेलाला लोखंडासारखाच कोरडा वास असतो. त्या दुपारी माझ्या माथ्यावरच्या भोकात जो थेंब पडला, त्याला वेणीचा वास होता.

चैताली निळ्या बाटलीतून मला खोबरेल पाजत होती.

मी ओरडले असते, पण मला तोंड नाही. सुई आहे, तीसुद्धा दुसऱ्याच्या पायाने हलते. डिसेंबरातलं ऊन अंगावर होतं, खोबरेल पातळ होतं, त्यामुळे मी उलट लोण्यासारखी चालले. "आत्या, बघ ना, कशी पळतेय," चैताली म्हणाली. मला मात्र धडकी भरली. इथली खरी थंडी अजून यायची होती.

घाबरणं मला नवीन नाही. लुधियानाच्या कारखान्यात मला ओतलं, घासलं, अंगावर सोनेरी वेलबुट्टी काढली. तिथून कामशेतच्या एका शिंप्याकडे आले आणि तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. तो गेला, मुलाने त्या जागी मोबाइलचं दुकान टाकलं, आणि मी निवृत्तीआबांच्या मशीन-दुरुस्तीच्या दुकानात कोपऱ्यात जाऊन बसले. तिथे दर महिन्याला विक्कीचा टेम्पो यायचा. विक्की भंगार घेतो. माणूस वाईट नाही, शीळ घालत येतो. पण माझ्या शेजारची पिको मशीन त्याने दारातच घणाने फोडली, टेम्पोत नीट बसावी म्हणून. तेव्हापासून शीळ ऐकली की माझे सगळे स्क्रू आवळल्यासारखे होतात.

मग एके दिवशी चैताली आली. बी.कॉम. झालेली, दोन मुलाखतींच्या दारातून परत फिरलेली, कडी वाजली तरी दचकणारी. सोबत तिची आत्या, आक्काबाई. आत्याने जन्मभर हाताने गोधड्या शिवल्या, पण आता तिला सुईचं भोक दिसत नाही. गावातल्या नंदाबाई पर्यटकांना खोल्या भाड्याने देतात. त्या चैतालीला म्हणाल्या होत्या, महिन्याभरात नमुन्याची एक गोधडी दे, पसंत पडली तर सगळ्या खोल्यांच्या तूच शिव. म्हणून दोघी स्वस्तातली मशीन बघायला आल्या होत्या.

चैतालीचा जीव एका पांढऱ्या मशीनवर जडला. हलकी, विजेवरची, तीस तऱ्हेच्या टाक्यांची.

"डिझायनी ऱ्हाऊ दे," निवृत्तीआबा म्हणाले. "गोधडीला सरळ टीप लागती. तुमचं कापड आणलंय का?"

आत्याने पिशवीतून जुन्या लुगड्याची घडी काढली. "आणलंय की. दुकानातल्या चिंधीवर समद्याच मशिनी गुणाच्या असत्यात."

दोन पदरांवर पांढरी झोकात चालली. चौथ्याला धापा टाकू लागली, सहाव्याला नुसतीच गुरगुरली. मग घडी माझ्या सुईखाली आली. मी जीव एकवटला. टिक, टिक, टिक, सहाही पदर ओलांडून पार.

"हिची किंमत तिच्या निम्मी," आबा म्हणाले. "रोज दोन थेंब तेल दे. आणि अडलं तर फोन कर, भिऊ नगं."

कुठलं तेल, ते त्यांनी सांगितलं नाही. हे काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असणार. आणि विचारलं तर हसतील, असं तिला वाटलं.

तीन आठवडे चैताली शिकली. आधी रेघांच्या कागदावर, मग कापडावर. माझ्यापुढे बसली की कडी वाजली तरी ती दचकत नाही, हे मी पाहिलंय. गोधडी जमत आली. कडेकडून आत टिपा सरकत गेल्या, मधला हातभर चौकोन तेवढा राहिला. नंदाबाईंना द्यायला दोनच दिवस उरले होते.

आज सकाळी धुकं खिडकीला टेकलं होतं. चैतालीने पाय मारला. सुई सहा पदरांत उतरली आणि तिथेच राहिली. माझ्या पोटातलं खोबरेल थिजून मेणासारखं झालं होतं. तिने चाक ओढलं, हलेना. घाबरून तिने आणखी तेल ओतलं, आबांना आणि भावाला मेसेज टाकले. आत्या म्हणाली, "गारठा लय हाय, खिडकी लाव." धुकं विरल्यावर येणारं ऊनही बाहेर राहिलं.

थोड्या वेळाने तिचा भाऊ सुहास उर्शाच्या टोलनाक्यावरची पाळी संपवून आला. त्याच्या मागून शीळ आली.

"रस्त्यात विक्की भेटला, घेऊन आलो," तो म्हणाला. "काल कुरकुरत होती, आज मेली. म्हाताऱ्याने डबडं गळ्यात मारलंय तुझ्या."

विक्कीने माझं चाक धरून पाहिलं. "जाम आहे. कापड कापावं लागेल, ताई."

"सुहास, आदी निवृत्तीभाऊला इचारू दे तिला," आत्या म्हणाली.

"कधीचे मेसेज टाकलेत. बघतच नाहीत ते," चैताली म्हणाली.

"मेसेज काय टाकतीस? फोन कर. खात न्हाई तो तुला."

फोन करायची चैतालीला भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. आधी ती वाक्य कागदावर लिहून घेते. आज कागद घेतला नाही. पहिला फोन वाजून बंद झाला. दुसऱ्याला बाई म्हणाली, संपर्कक्षेत्राबाहेर. आबा वडिवळे धरणाजवळ मुलीकडे गेले असावेत, तिथे रेंज नसते. विक्कीने कात्री मागितली. सुहासने ती आणून माझ्याच फळीवर ठेवली.

वाचकहो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी गप्प बसली असेल, तर कात्री घेण्याआधी तिला थोडा वेळ उन्हात ठेवा. आम्ही लगेच मरत नाही. आम्हाला सांगता येत नाही, एवढंच.

चैतालीने एक हात माझ्या चाकावर ठेवला. तो बर्फासारखा होता, की मी होते, कोण जाणे. "थांब दादा, अजून एकदा," ती म्हणाली आणि तिसऱ्यांदा नंबर लावला. चार वेळा वाजलं. पाच वेळा. विक्कीची शीळ थांबली.

"बोल गं पोरी," पलीकडून खोकत आवाज आला. "तुझं मेसेज आत्ता बघितलं. रडू नगं. आदी मला सांग, तेल कंचं घातलंस?"