कुमुदबेनचे चार तमिळ शब्द

कुमुदबेन धोळकियांनी आपली सगळी कारकीर्द मला चेन्नईच्या विमानतळापासून गिंडीपर्यंतच्या रस्त्यात सांगून संपवली. अंतर फार नाही; त्याच भरभर बोलतात. चौदाव्या वर्षी गुजराती नाटक कंपनीत. दहा वर्षं मुलगी, अठरा वर्षं सून आणि तेव्हापासून आजतागायत सासू. सात सिनेमांत विधवा, त्यातल्या पाचांत मध्यंतराआधीच. एका हिंदी मालिकेत अकराशे भाग आजी.

"आणि नवरा?" मी विचारलं.

"एकच. तो खराखुरा होता, म्हणून फार टिकला नाही."

मी भवानी. तंजावरच्या मराठी घरातली. तीस वर्षं साहुकारपेटमधल्या बँकेच्या काउंटरवर बसले, त्यामुळे तमिळ रस्त्यावरचं आणि गुजराती खातेदारांचं. बँक सुटली, नोंदी ठेवायची सवय सुटली नाही. आता माणसांच्या ठेवते. गुरुमूर्ती नावाच्या दिग्दर्शकाला त्याच्या सिनेमातल्या गुजराती आजीशी बोलू शकेल असं कोणीतरी सेटवर हवं होतं. मी होते. बेन भुलेश्वरला वाढलेल्या, म्हणून आम्ही मराठीत बोलायचो. माझं मराठी ऐकून त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हे तर ट्रंकेतून काढलेलं लुगडं. जपून ठेवलंय, पण घड्या दिसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मेकअपच्या गाडीचं दार लावून घेतलं. इडलीला हात लावलेला नव्हता.

"भवानीबेन, एक सांगते. फेब्रुवारीत भावनगरला प्रयोग होता. मी स्टेजवर थांबले. उभीच. शब्द येईना. शेवटी पडदा पाडला. दुसऱ्या दिवशी निर्मात्याने फुलं पाठवली, वर चिठ्ठी: आराम करा." त्या आरशात बघत म्हणाल्या, "मी गेल्यासारखी फुलं पाठवली हो. मुलगा म्हणतो, मम्मी, आता बडोद्याला येऊन बस. मी त्याला कबूल केलंय. चेन्नईत पुन्हा थांबले, तर संपलं. मग काम नाही."

"नाही थांबणार," मी म्हटलं. हे वाक्य मी बँकेतही पुष्कळदा वापरलंय, लिंक गेलेली असताना.

त्यांना माझ्याकडून एकच हवं होतं. त्यांच्या जुन्या कंपनीत पूर्ण नाटक कोणाच्या हातात देत नसत. आपली वाक्यं आणि समोरच्याच्या वाक्याचा शेवटचा शब्द, एवढंच उतरवून द्यायचे. तो शब्द कानावर पडला की आपण बोलायचं. तो क्यू. साठ वर्षं त्यांचं पाठांतर असंच. प्रसंगात नातू तमिळमध्ये चार वाक्यं बोलणार, आजी गुजरातीत उत्तर देणार. दुकान विकू नको म्हणून नातवाची विनवणी, विकणारच म्हणून आजीचा हट्ट. मी त्यांना चार शब्द दिले: वीडु म्हणजे घर, कडै म्हणजे दुकान, मग अप्पा, आणि शेवटी पोदुम, म्हणजे पुरे. त्यांनी ते गुजराती अक्षरांत तळहातावर लिहिले आणि देवाचं नाव घ्यावं तसे पुटपुटत राहिल्या.

बंद पडलेल्या एका कारखान्यात कापडाचं दुकान उभं केलं होतं. नातू झालेला दर्शन दोन सिनेमे जुना, दंड मोठे, स्वभाव गोड.

पहिल्या टेकला 'वीडु' छान गेलं. दुसऱ्या वाक्याला बेन थांबल्या. दर्शनकडे बघत नुसत्या उभ्या.

दुसऱ्या टेकला दोन वाक्यं पार पडली, तिसऱ्याला थांबल्या.

तिसऱ्या टेकला पहिल्याच वाक्याला.

"अम्मा, फिल्टर कापी घेता?" गुरुमूर्तींनी फार प्रेमाने विचारलं. सेटवर एवढं प्रेम आलं की समजावं, काही खरं नाही. तिकडे मॅनेजर खांबाआड फोनवर कोणाला तरी विचारत होता, हैदराबादच्या बाई उद्या मोकळ्या आहेत का. तमिळ येतं याचं मला त्या क्षणी वाईट वाटलं. बेनना येत नव्हतं, पण खांबाआडचा फोन कुठल्याही भाषेत तसाच दिसतो.

त्या खुर्चीत बसल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "मुलाला फोन लावून द्या. नंबर दिसत नाही."

फोन पिशवीत होता, वहीखाली. वही काढली ती उघडीच. टेक कितवा, बेन कुठे थांबल्या, त्याआधी दर्शन काय बोलला, असे तीन रकाने मी सवयीने भरले होते. लिहिताना माणूस बघत नाही. ते मी तेव्हा बघितलं. तीनदा थांबल्या होत्या. तिन्हीदा दर्शनचं वाक्य "पाट्टी" म्हणजे "आजी" या शब्दावर संपलं होतं. संहितेत तिथे तो शब्द नव्हता. जिथे तो लिहिल्याप्रमाणे बोलला होता, तिथे बेननी श्वासाचीही उसंत घेतली नव्हती.

"रेंज नाही," मी खोटं सांगितलं आणि दर्शनला गाठलं.

"तंबी, शेवटी पाट्टी का म्हणतोस?"

"फील येतो, आंटी."

"तुला फील येतो, त्यांचा क्यू जातो. त्या 'कडै'ची वाट बघत उभ्या राहतात."

"म्हणजे त्या माझं ऐकतायत? इथे तर सगळे माझं तोंड बंद व्हायची वाट बघतात."

बेनना मी काही बोलले नाही. म्हटलं, "फोन लागेपर्यंत एकदा उभ्या राहा." त्या राहिल्या, नाइलाजाने.

चौथा टेक. वीडु. उत्तर. कडै. उत्तर. अप्पा म्हणताना दर्शनचे ओठ पाट्टीकडे वळलेले मला दिसले. त्याने ते गिळलं. बेननी तोवर त्याची हनुवटी धरली होती. पोदुम! आणि आजीचा हात गल्ल्यावर असा पडला की कापड मोजायची पट्टी उडून खाली गेली. गुरुमूर्ती 'कट' म्हणायचं विसरले. मॅनेजरने फोन ठेवला.

मग वही मी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि रकाने वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावले.

"भावनगरला," त्या हळूच म्हणाल्या, "रमणिकभाई नव्हते. एकोणीस वर्षं त्या नाटकात माझा नवरा तेच करायचे. त्या सीनला शेवटी म्हणायचे, 'सांभळ्युं?' ऐकलंस का? त्यांचा गुडघा बदलला, म्हणून नवीन मुलगा आला."

"आणि तो ते म्हणाला नाही?"

"तो म्हणाला, 'ओके?'" त्यांनी माझा दंड पकडला. "अरे, मी 'सांभळ्युं'ची वाट बघत उभी होते, भवानीबेन! आणि सहा महिने वाटतंय की डोकं गेलं!"

हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, मेकअपवाली धावत आली, तिलाही त्यांनी मिठीत ओढलं.

मुलाचाच फोन आला. "निमेश, मी जेवतेय," म्हणून त्यांनी तो ठेवला आणि मग खरंच ताट मागवलं. काल ज्याला दवाखान्याचं जेवण म्हणाल्या होत्या तो दहीभात, दोनदा घेतला, लोणच्यासकट.

"उद्या किती शब्द?"

"नऊ."

"बस?" त्यांनी तळहात पुसून पुढे केला. "लिहा. आणि त्या पोराला सांगा, वाक्याच्या मध्ये कुठेही पाट्टी म्हण म्हणावं, मला आवडतं. शेवटी नको."