तारवापुढचा मासा

धाकटीची जीभ घसरली ती रविवारी सकाळी, भरवर्गात, आणि अशी ऐटीत घसरली की कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिच्या स्वतःच्या तर मुळीच नाही.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. तिला दुसऱ्या नावानं हाक मारल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आठवडाभर ती कॉलेजात जगातल्या धर्मांचा अभ्यास करायची आणि रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत लहान मुलांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायची. दोन्ही कामं आवडीची. पण खरं विचाराल तर रविवारचा वर्ग काकणभर जास्तच. बुटकी बाकं, रंगांचे डाग पडून गेलेली फरशी, खिडकीत वाळत घातलेले ब्रश आणि समोर आ वासून बसलेली पोरं. जगात कुठं जाऊन काय व्हायचं हे तिचं ठरायचं होतं, पण त्या खोलीत ती कोण आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या आठवड्यात परीक्षेसाठी तिनं जलप्रलयाच्या गोष्टी वाचून काढल्या होत्या. कितीतरी लोकांकडे आहेत त्या. एकीत तर एक माणूस ओंजळीत आलेल्या इवल्याशा माशाला जीव लावतो. त्याला भांड्यात ठेवतो, मग तळ्यात, मग नदीत, शेवटी समुद्रात. आणि सगळं जग बुडायला लागतं तेव्हा तोच मासा, आता डोंगराएवढा झालेला, शिंगाला दोर बांधून त्याची नाव ओढून नेतो. वाचताना धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. परीक्षेच्या अभ्यासानं आजवर कुणाच्या डोळ्यांत पाणी आलंच नसेल असं नाही, पण ते वेगळ्या कारणानं.

असलं काहीबाही वाचून पोरीचा विश्वास डळमळणार, अशी घरच्यांना खात्रीच होती. झालं उलटंच. माशाची गोष्ट मिटून तिनं आपल्या शास्त्रातली प्रलयाची गोष्ट पुन्हा उघडली, तर त्यात सगळे तारवात, म्हणजे त्या मोठ्या नावेत, चढल्यावर देवानं तारवाचं दार स्वतः बाहेरून लावलं, असं लिहिलं होतं. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली गोष्ट, पण हे दार तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच खोलीभर फिरत राहिली.

तर अशा भारलेल्या डोक्यानं ती रविवारी वर्गावर गेली. पाऊस पडला, पाणी चढलं, तारू तरंगलं, पोरं श्वास रोखून बसली. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या शंकासुरानं हात वर केला. शंकासूर म्हणजे पुढचे दात पडलेली एक मुलगी. तिला वर्गानं हे नाव दिलं होतं आणि तिनं ते मोठ्या अभिमानानं घेतलं होतं. तारवाला वल्हं नाही, शीड नाही, मग ते नेत कोण होतं, असं तिनं विचारलं. आणि गोष्ट रंगात आलेली असताना थांबायचं कुणाला असतं? धाकटीच्या तोंडून मासा निघाला. शिंगासकट, दोरासकट.

पोरांनी तो डोक्यावर घेतला. पुढच्या रविवारी मुलांची उपासना होती आणि तिच्यासाठी मोठं चित्र रंगवायचं होतं. धाकटीचे बाबा पडदे शिवायचे, त्यांनी उरलेलं पांढरं कापड दिलं. आठवडाभर शाळा सुटली की पोरं ते रंगवत बसायची. धाकटीनं पाहिलं तेव्हा तारू कोपऱ्यात कुठंतरी होतं आणि अर्धं कापड व्यापून निळा मासा हसत होता. आपण काय करून बसलो हे तिला तिथंच कळलं. पण पोरांचे उजळलेले चेहरे पाहून तिनं स्वतःची समजूत घातली, की एका माशानं काय बिघडतंय.

काय बिघडतंय ते शनिवारी सकाळी कळलं. मोठे काका म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांमधले मुख्य. वेदीपुढची बाकं नीट लागली आहेत का बघायला आले आणि भिंतीवर टांगलेल्या चित्रातल्या माशासमोर उभे राहिले. मग धाकटीच्या घरी निरोप आला, की उद्यापासून वर्ग दुसऱ्या कुणाकडे देऊ.

निरोप ऐकताच बाबांनी तोंडात धरलेल्या टाचण्या काढल्या आणि काकांची समजूत घालायला निघाले. धाकटीनं त्यांना अडवलं. मासा माझ्या तोंडून निघालाय, तेव्हा मीच जाते, म्हणाली.

काकांचं चष्म्याचं दुकान होतं. अरुंद, लांबट, समोरच्या भिंतीवर उतरत्या अक्षरांचा तक्ता. ती पोचली तेव्हा ते एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चाचणीची फ्रेम चढवून भिंगं बदलत होते. आता बरं की आधीचं बरं, आता की आधीचं. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी भिंगं पुसायला घेतली.

"जास्त शिकून तुझी नजर बिघडली," ते वर न बघता म्हणाले.

हे ऐकावं लागणार हे तिला ठाऊक होतं, आणि उत्तर वाटेतच तयार झालं होतं. "काका, तुम्ही गिऱ्हाइकाला दोन भिंगं घालून विचारता, कोणतं स्पष्ट. मी तेच करतेय. बाकीच्यांच्या गोष्टी वाचल्या म्हणून तर मला आपली इतकी स्वच्छ दिसायला लागली. माझा विश्वास आहे तिथंच आहे. उलट पाय जरा जास्तच घट्ट रोवलेत."

काकांनी भिंगांची पेटी तिच्याकडे वळवली. "यातल्या प्रत्येकाला आपली खाच आहे. एक जरी दुसऱ्याच्या खाचेत गेलं, तर माणूस चुकीचा चष्मा घालून फिरतो आणि त्याला कळतही नाही. तू दुसरं भिंग लावून बघितलंस, खुशाल बघ. पण तू ती मिसळलीस. आणि पोरांना सांगितलंही नाहीस."

हे खरं होतं. काकांचा राग आला असता तर बरं, असं धाकटीला वाटून गेलं. मग तिनं सरळ चूक कबूल केली आणि उद्याचा एक दिवस मागितला. सगळ्यांसमोर दुरुस्त करते, मग काय ते ठरवा.

"तो मासा खोटा होता, असं सांगशील?"

"नाही. दुसऱ्यांचा होता, असं सांगेन. खोटा म्हणायला मी कोण?"

काकांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी हातातलं भिंग त्याच्या खाचेत बसवलं. "बघू," म्हणाले.

रविवारी चर्च भरलं होतं. मुलं पुढं, मोठी माणसं मागं, काका पहिल्या बाकावर टोकाला. धाकटी चित्राशेजारी उभी राहिली आणि तिनं माशाची गोष्ट ओंजळीपासून समुद्रापर्यंत सांगितली. ही कुणाची गोष्ट, ते लोक ती किती प्रेमानं सांगतात, तेही सांगितलं. मग म्हणाली, हा मासा त्यांच्या नावेचा. आपल्या तारवापुढं त्याला मी आणून बांधलं. पोरांची यात काही चूक नाही, माशाची तर नाहीच.

आणि अर्थातच पुढच्या ओळीत हात वर झाला.

"ताई, मग आपलं तारू कोण ओढत होतं?"

बाबांनी मागच्या बाकावर डोळे मिटून घेतले. पण धाकटी यावेळी घाई न करता बोलली.

"कुणी नाही. ते कुठं चाललंय हे आतल्या कुणालाच माहीत नव्हतं. पण दार कुणी लावलंय ते माहीत होतं. आपली गोष्ट तेवढीच आहे, आणि मला ती पुरते."

शंकासुरानं थोडा विचार केला आणि हात खाली घेतला. असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं.

उपासना संपली, माणसं पांगली. धाकटी खुर्चीवर चढून चित्र उतरवू लागली, तर दुसरं टोक काकांनी धरलं. वर्गाचं काय, हे विचारायचा तिला धीर होईना. काका घड्या घालता घालता म्हणाले की पंचांशी बोलणं झालंय, वर्ग तिच्याकडेच राहील. पुन्हा गोष्टी मिसळायच्या मात्र नाहीत. तिनं मान हलवली. डोळे भरून आले होते, ते तिनं लपवले नाहीत.

काका थोडा वेळ घुटमळले. "तो मासा," ते म्हणाले, "पहिल्यांदा त्याला कशात ठेवलं होतं म्हणालीस?"

"पहिल्यांदा ओंजळीतच होता, काका."

काकांनी घातलेली घडी पुन्हा उलगडली, आणि माशावर दुमड येणार नाही अशी नव्यानं घातली.