बापानं उतरू नये

माझी सासू देवकाबाई माणसांची मनं सांभाळते, असं आमच्या एकोडी गावात सगळे म्हणत. मला ते फारसं पटत नसे. मी सून, सासूची थोरवी सुनेला सगळ्यांत शेवटी कळते. सासरे वारले तेव्हा ती म्हणे कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. त्या पावसाळ्यात आमच्या बुद्धविहारात एक भंते वर्षावासाला राहिले होते. त्यांनी तिला श्वासाकडे बघत बसायला शिकवलं आणि ती उठली. तेव्हापासून ज्याचं मन बिघडेल त्याला ती तेच औषध देई. आम्ही दोघी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत असू, समोर कोणीतरी डोळे पुसत बसलेलं असे, आणि सासू हातातलं पान न सोडता सांगे, "श्वास आत आला, पाह. बाहेर गेला, पाह. आनखी काही करू नको."

एकोणऐंशी सालच्या कार्तिकात मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातली रेवताबाई आपल्या नवऱ्याला आमच्या अंगणात घेऊन आली.

नवरा म्हणजे इतवारी. त्याला लाखनी-साकोलीकडे सगळे ओळखत. तलावात कोणी बुडालं की ढिवरांना बोलावतात, आणि ढिवरांत पहिलं बोलावणं इतवारीला असे. बुडी मारून तो प्रेत वर आणी, काठावर निजवी आणि कोणाशी न बोलता घरी येई. त्या आश्विनात तो लाखनीकडच्या एका गावी असाच गेला होता. इकडे त्याची एकुलती एक पोरगी सखू शिंगाडे काढायला तलावात उतरली आणि वेलींत गुंतून बुडाली. संध्याकाळी तो सायकलवरून परतला तेव्हा गाव काठावर त्याचीच वाट बघत होतं. दुसरं कोण उतरणार? तोच उतरला.

त्या दिवसापासून त्याने तोंडच मिटलं. आंघोळ नाही, दाढी नाही, पुढ्यात ताट ठेवलं तर दोन घास खायचा. भगत झाला, कोंबडं झालं. मग आमचा मोहल्ला उरला. बौद्धांच्या दारात ढिवर कशाला, म्हणून तिच्या लोकांनी नावं ठेवलीच. रेवता म्हणाली, "ठेवू द्या. मानूस माहा हाये." मोठी खमकी बाई. मासोळीची टोपली डोक्यावर घेऊन बाजार करायची, घर चालवायची, नवऱ्याला भरवायची, आणि वर आमच्याशी दोन शब्द हसून बोलायची.

सासूने त्याला बसवलं आणि नेहमीचं सांगितलं. इतवारीने डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याची छाती अशी वरखाली होऊ लागली की मी सूप बाजूला ठेवलं. तो धडपडत उठला, अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन ओकला. मग कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून शब्द निघाले.

"मावशी, श्वास पाह्यतो तं मले सखूचा दिसते. खाली, पान्यात. पोट्टीनं किती वेळ रोखला असंन, हेच मनात येते."

सासूचा चेहरा पडला. तिच्या झोळीत औषध एकच होतं आणि ते या माणसाला विष ठरलं होतं. रात्री ती जेवली नाही. मी म्हटलंही, "भंतेजींनी दुसरं काहीच नाही का सांगितलं?" ती माझ्यावर खेकसली, आणि सकाळी उठून ढिवर मोहल्ल्याकडे चालू लागली.

मग ते रोजचंच झालं. सासू जायची, मीही मागे. श्वासाचं नाव नाही. "तोंड धू. दात घास. केसाले तेल लाव." एवढंच. आंघोळीला तो तयार होईना. अंगावर पाणी पडलं की थरथरायचा. म्हणून ओलं फडकं पिळून अंग पुसायला लावलं. सासू म्हणे, "हे बी ध्यानच हाये. हात पुसून राहिला तं हातच पाह. बाकी दुनिया राहू दे बाजूले." कधी त्याला तांदूळ निवडायला बसवी, कधी नुसतं दारापासून चिंचेपर्यंत चालवी. एखाद्या दिवशी तो उठेच ना. त्या दिवशी सासूही तिथेच भिंतीला टेकून बसून राही.

एकदा ती त्याला बुद्धाचा दृष्टांत देत म्हणाली, "एक बान बाहेरून लागला, तो काही तू नाही मारला. पन दुसरा तू रोज उठून सोताच खुपसून राहिला. तेवढा तं सोड."

"मी लोकाइचे मुडदे काढत फिरलो मावशी, अन् माही पोट्टी..." मग तो एकदम चिडून म्हणाला, "तुमच्या बुद्धाले सांगाले काय जाते? त्याची पोट्टी बुडाली होती का?"

मला वाटलं, आता सासूचा पारा चढणार. पण ती म्हणाली, "नाही बुडाली. पन पानी गरम झालं, तोंड धू."

असं करत करत माघात तो लोटाभर पाणी अंगावर घेऊ लागला. दाढी केली. एकदा जाळं दुरुस्त करायला घेऊन बसला. रेवता आम्हाला डोळ्यांनी खुणावत होती, बघा म्हणून.

आणि फाल्गुनात दोन माणसं सायकलवर आली. त्यांच्या गावच्या तलावात पोरगी बुडाली होती.

सासू त्याच्या आडवी आली. "नको जाऊ. आत्ता कुठं तू मानसात आला." आमची भीती एकच होती: हा खाली जाईल आणि वर यायचं मनातच आणणार नाही. इतवारी धोतर आवळत म्हणाला, "मी नाही गेलो तं तिचा बाप उतरंन. बापानं उतरू नये, मावशी."

तो गेला. आम्ही तिघी रेवताच्या अंगणात बसून राहिलो. सासू डोळे मिटून बसायची, लगेच उघडायची. इतकी वर्षं लोकांना श्वास शिकवणाऱ्या बाईला त्या दुपारी तो धरता येत नव्हता. रेवता मात्र तांदूळ पाखडत होती.

ऊन कललं तेव्हा तो आला. केस ओले, डोळे लाल.

"सापडली," तो म्हणाला. "बापाले काठावरच बसवलं. उतरू नाही देल्लं."

सासूने मोठा सुस्कारा सोडला. "बस. पानी तापवतो," म्हणून ती चुलीकडे वळली. तो बसला नाही. तो रेवताकडे बघत होता.

"तिच्या बापाले चार जनं धरून होते," तो म्हणाला. "माय तिकडं एकटीच उभी होती. तिले कोनी नाही धरलं." मग त्याने विचारलं, "त्या दिवशी तुले कोनं धरलं होतं?"

रेवताचं सूप थांबलं. किल्ली कुठे ठेवली असं विचारल्यावर माणूस आठवतो, तशी ती खरंच आठवत राहिली.

"कोनी नाही जी," ती म्हणाली. "मी तं तुमाले धरून होती."

आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं. तांदूळ अंगणभर झाले. ती खमकी बाई मातीत बसून अशी रडू लागली की शेजारच्या बाया दारात आल्या. इतके महिने आम्ही या घरात येत होतो, आणि रेवताला सासू एकच गोष्ट सांगायची, पाणी तापव म्हणून. सासू चुलीपासून मागे वळली. ती उभी राहून रडू लागली.

इतवारी बायकोजवळ गेला. बुडालेली इतकी माणसं त्याने हातांनी उचलली होती, पण रडणाऱ्या माणसाला कसं धरायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने तिचं कोपर धरलं आणि तसाच बाजूला बसला.

"सखू गेली ना जी आपली," रेवता म्हणाली, त्याला ही बातमी पहिल्यांदाच सांगावी तशी.

"हो," इतवारी म्हणाला.