लंबकाचा काटा

धाकटी म्हणजे काही लहान नव्हे. अर्धे केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे, पण तीन बहिणींत शेवटची म्हणून तिला घरात जे धाकटी म्हणायला लागले ते म्हणतातच. थोरल्या दोघी लग्न करून लांब गेल्या. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान हिच्या गळ्यात पडलं. पुढे दुकान, मागे राहायच्या खोल्या. नवरा शाळेची बस चालवायचा. तो बोलका, ही तापट, आणि बाबा मुळातच कमी बोलणारे. असा तिघांचा संसार.

बाबा अस्सल घड्याळजी. नुसतं कानाशी धरून घड्याळाचं दुखणं सांगायचे. मग त्यांचे हात थरथरायला लागले. एका सकाळी त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं, लेकीसमोर ठेवलं आणि स्टुलावरून उठले. बरेच दिवस ते मागच्या खोलीत खिडकीशी नुसते बसून असायचे. आणि एक दिवस, कुणाला काही न विचारता, माणूस आडवा झोपेल एवढी लांब काचेची टाकी घरी घेऊन आले. पंप आला, वाळू आली, आणि शेवटी पाण्याने फुगलेल्या पिशवीतून एक मासा आला.

एकच मासा. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला, कॅटफिश, म्हणजे मिशाळ. नुकत्याच घासलेल्या चमच्यासारखा चकचकीत, अंगभर काळे ठिपके, आणि मिशा अशा की पार शेपटीपर्यंत पोचाव्यात. नवरा म्हणाला, "घरात मिशीला पीळ देणारं कुणी नव्हतं, ती कसर भरून निघाली."

पण हा मासा दमतच नसे. वाहत्या पाण्यातला जीव तो. पंपाच्या धारेत शिरायचा, टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. जाताना मिशांनी दगड चाचपायचा, वाळू चाचपायचा, काच चाचपायचा, जणू रोजचं घर रोज नवीन. बाबांनी दोन दिवस बघितलं आणि त्याचं नाव ठेवलं लंबक. त्यानंतर त्यांची खुर्ची खिडकीकडून टाकीकडे वळली ती वळलीच.

धाकटीला या प्रकाराचं काडीचं कौतुक नव्हतं. "मला मेलं घड्याळांतून डोकं वर काढायला फुरसत नाही, त्यात हा एक पाहुणा," असं ती टाकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची. खरं सांगायचं तर तिला माशाचा रागही नव्हता. तिला राग होता सकाळच्या चहाचा. हल्ली कप हातात धरला की बाबांची बोटं त्याच्या कानाभोवती आवळून बसायची आणि सुटायची नाहीत. दुकान उघडायची वेळ झालेली, बाहेर गिऱ्हाईक उभं. मग धाकटी यायची आणि एकेक बोट उचकटून कप सोडवायची. बाबा तेवढा वेळ लंबकाकडे बघत राहायचे.

त्या थरथरीवर औषधाची मात्रा बसवायला डॉक्टरांनी बाबांना दवाखान्यात ठेवून घ्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि बाबा दुकानाच्या उंबऱ्यावर थांबले.

"धाकटे, लंबकाला सांभाळ. मी येईपर्यंत तो फिरता राहू दे. माझं दुसरं काही मागणं नाही."

"सांभाळीन हो बाबा. चला आता."

"आणि काटा अडकला तर ओढायचा नाही. वेळ द्यायचा. आपला आपण सुटतो."

एवढं बोलून ते गाडीत बसले. आता घड्याळजीच्या घरात काटा म्हटलं की दुसरं काय डोळ्यासमोर येणार? दुकानाच्या भिंतीवर बाबांचं एक जुनं घड्याळ होतं. त्याचा मोठा काटा अधूनमधून अडायचा. त्याला बाबांशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा घरचा शिरस्ता. अडलेला काटा आपोआप सुटतो, हे धाकटीने उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. पण बाबा म्हणतात म्हणजे असेल काही. त्याच आठवड्यात ते घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर अडलं. धाकटीने त्याला बोट लावलं नाही. गिऱ्हाइकं हसायची. "घड्याळजीच्या दुकानात बंद घड्याळ?" धाकटी मान वर न करता म्हणायची, "वेळ दिलाय त्याला."

घड्याळ काही सुटलं नाही. तिची जीभ मात्र दिवसेंदिवस धारदार होत गेली.

लंबकाचं मात्र तिने मनापासून केलं. वेळेवर खाणं, पाणी बदलणं, पंपाची जाळी धुणं. बाबांनी दुसरं काही मागितलं नव्हतं ना? दवाखान्यात भेटायला गेलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "फिरतोय?" ती "फिरतोय" म्हणायची आणि ते डोळे मिटून घ्यायचे. त्या एका शब्दावर त्यांचा दिवस निघतो, हे तिला कळलं होतं. म्हणून येता-जाता ती टाकीकडे एक नजर टाकायचीच.

रविवारी सकाळी ती मागच्या खोलीत आली आणि तिची सपात पाण्यात चपकन पडली. टाकीच्या खालच्या कोपऱ्याचा सांधा सुटला होता. पाणी थेंबथेंब नव्हे, चांगलं धारेने चाललं होतं. टाकी निम्मी रिकामी. लंबक उरलेल्या पाण्यात वेड्यासारखा फेऱ्या मारत होता.

नवऱ्याने कपडे भिजवायचा मोठा गोल टब आणला. टाकीतलंच पाणी नळीने टबात घेतलं. आता राहिला मासा.

"जाळी आण," नवरा म्हणाला. "चाळीस पोरं बसमध्ये कोंबतो मी रोज. हा एक मासा तो काय."

माशाने त्याच्या नाकी नऊ आणले. शेवटी कोपऱ्यात गाठून त्याने जाळी वर उचलली. लंबकाने दोन्ही बाजूंचे दोन आणि पाठीवरचा एक असे तीन काटे ताठ उभे केले होते, आणि तिन्ही काटे जाळीत रुतले होते. नवऱ्याने त्याला सोडवायला हात घातला आणि "आई गं" करून मागे घेतला. अंगठ्यातून रक्त आलं.

"थांब, ओढूनच काढतो," तो म्हणाला.

तेवढ्यात धाकटीला तो आवाज ऐकू आला. बारीक, कोरडा, कर्र... कर्र... जुन्या घड्याळाला चावी देताना येतो, नेमका तसा. तिने हा आवाज पाळण्यात असल्यापासून ऐकला होता. पण आत्ता तो येत होता माशाच्या खांद्यातून. जिवंत मासा आपला काटा खोबणीत घासत होता आणि ओरडत होता.

काटा. काटा अडकला तर.

धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. अडलेलं घड्याळ इतके दिवस भिंतीवर ठेवून आपण ज्याला वेळ देत बसलो, तो काटा बाबांनी सांगितलेला नव्हेच, हा होता.

"अहो, ओढू नका. जाळीसकट पाण्यात ठेवा."

"अगं, पण जमिनीवर तळं..."

"होऊ दे तळं. ठेवा म्हणते ना."

त्याने जाळी टबात टेकवली. धाकटी दुकानात धावली आणि बाबांचं भिंग, बारीक कात्री आणि चिमटा घेऊन आली. ओल्या फरशीवर बसकण मारली, भिंग डोळ्याला लावलं आणि पाण्यावर वाकली.

आणि मग तिला दिसलं ते. काट्याच्या मागच्या कडेला दाते होते. एका रांगेत, एकसारखे, आणि सगळ्या दात्यांची टोकं अंगाकडे वळलेली. ओढलं की आणखी रुतावेत असे. घड्याळात चावीच्या चाकाला असेच वाकडे दाते असतात, आणि चाक उलटं फिरू नये म्हणून त्यावर एक खटका असतो. तसाच खटका या एवढ्याशा जिवाच्या खांद्यात होता. एकदा बसला की बाहेरून कुणाच्या बापाला उघडायचा नाही. ज्याचा त्याने आतून सोडला तरच सुटणार. तिने आजवर हजारो घड्याळं उघडली होती आणि प्रत्येकाच्या आत कुणा ना कुणा माणसाचा हात तिला ओळखू आला होता. हे काम कुणाच्या हातचं? कुठल्या लांबच्या नदीत, कुणी बघत नसताना, हे चाक कुणी कातलं? तापट बाई, पण तिला त्या क्षणी हात जोडावेसे वाटले.

हात मोकळे नव्हते. तिने कात्रीने जाळीचा एकेक धागा काट्याच्या आजूबाजूने कापायला घेतला. माशाला स्पर्श न करता, नुसते धागे. दुकानाचं दार कुणीतरी वाजवलं. नवरा पोतेरं टाकून उठला आणि "आज बंद आहे" सांगून आला. जाळी गळून पडली. पण काट्यांत गुंतलेले शेवटचे दोन-तीन धागे तसेच होते, काटे तसेच ताठ, आणि लंबक टबाच्या तळाशी पडलेला. मिशासुद्धा हलत नव्हत्या.

"गेला का गं?" नवऱ्याने हळूच विचारलं.

धाकटीला रडू फुटत होतं. दवाखान्यात जाऊन आता काय सांगायचं? फिरत नाही, बाबा? चिमट्याने ते धागे खेचून काढावेत म्हणून तिचा हात पाण्यात गेला. आणि तिने तो परत घेतला. दोन्ही हात मांडीखाली दाबून ती बसून राहिली. वाट बघणं हे तिच्या स्वभावातलं नव्हतं, तिला ते अगदी जड गेलं.

पाणी संथ झालं. आधी एक मिशी हलली. मग उजवा काटा, कुणी न सांगता, अंगाशी मिटला आणि धागा अलगद पाण्यावर आला. मग डावा. मग पाठीवरचा. लंबकाने शेपूट हलवली, मिशांनी टबाचा तळ चाचपला आणि निघाला. टोकं नव्हतीच, टब गोल, म्हणून तो कडेकडेने फिरू लागला.

"लंबकाचा सेकंदकाटा झाला," नवरा म्हणाला. धाकटी ओल्या पदराने तोंड दाबून हसली आणि रडली, दोन्ही एकदम.

बाबा घरी आले तेव्हा टाकीचा सांधा पक्का झाला होता आणि लंबक टाकीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता. बाबांनी त्याला डोळे भरून पाहिलं. मग त्यांना खिळ्यावर टांगलेली कापलेली जाळी दिसली.

"काटा अडकला होता?"

"हो."

"ओढलास?"

"नाही, बाबा. वेळ दिला."

त्यांनी मान डोलावली. मग दुकानाच्या दारातून आत बघत म्हणाले, "आणि त्या घड्याळाला काय झालं? साधं तेल घालायचं ना. घड्याळजीची पोर तू."

धाकटीने ओठ चावला, पण खरी हकीकत काही सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा दिला. औषधाने थरथर कमी झाली होती, पण चहा संपला आणि बोटं कपावर तशीच आवळून राहिली. बाबांनी सवयीने नजर टाकीकडे वळवली आणि हात पुढे केला, उचकटण्यासाठी. बाहेर कुणीतरी दुकानाचं दार वाजवत होतं.

धाकटी त्यांच्यासमोर खाली बसली. कपाखाली आपला तळवा धरला आणि बोटांना हात लावला नाही.

"गिऱ्हाईक आलंय ना?" बाबा म्हणाले.

"थांबेल."

लंबक गेला, वळला, परत आला. किती वेळा ते दोघांनीही मोजलं नाही. मग एक बोट सैल झालं, त्याच्यामागून दुसरं, आणि कप तिच्या तळव्यात उतरला.