इंजिन निवेपर्यंत

मी एक जुनी मोटरसायकल आहे. मित्रांनो, 'जुनी' हा शब्द मी स्वतःच आधी सांगून टाकते. नाहीतर माझ्याकडे बघणारा प्रत्येक जण तो सांगतो, आणि तोही नाक मुरडून! माझ्या टाकीचा लाल रंग मालकाचे गुडघे घासून घासून दोन्ही बाजूंनी उडाला आहे. मीटरचे आकडे एकदा शेवटापर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर आले आहेत. पण रडगाणे गायला मी आज बोलत नाही. मला चार माणसांचे आभार मानायचे आहेत.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात होते. दुकानाच्या काचेआड उभी राहून वाटायचे, आपल्याला कुणीतरी रुबाबदार तरुण नेईल. नेले कुणी? एका बेकरीवाल्याने! पहिल्याच दिवशी त्याने माझ्या पाठीवर पावाचे क्रेट बांधले. मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले.

हळूहळू माझा तोरा उतरला. भट्टीतून निघालेले पाव घेऊन मी रोज सकाळी दारोदार जाऊ लागले. गल्लीच्या तोंडाशी माझा आवाज आला की मुले डबे घेऊन पायरीवर येत आणि "आली, पाववाली आली!" असे ओरडत. मालकाला नव्हे बरे का, मला! मालकाचा मात्र एकच हट्ट असे. गिऱ्हाइकाच्या हातात थंड वस्तू द्यायची नाही. थंड माल म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान, असे तो म्हणे. वाटेत पाव निवले तर ते परत घरी येत आणि आठवडाभर घरची मंडळी पावच खात.

वर्षे गेली. मालकाचे गुडघे कुरकुरू लागले आणि किक मारताना तो ओठ चावू लागला. मग त्याच्या मुलाने टेम्पो घेतला आणि माझी रवानगी भट्टीमागच्या पत्र्याखाली झाली. तिथे माझ्यावर पिठाची धूळ बसली, कोळ्याने हँडलवर संसार थाटला. गिऱ्हाइके आली, टायरला लाथ मारून गेली. मुलगा तसा वाईट नाही, पण त्याला जागा हवी होती. शेवटी तो म्हणाला, "बाबा, रविवारपर्यंत गाडी खपली तर ठीक. नाहीतर संध्याकाळी भंगारवाला येतोय." भंगारवाल्याचा हातोडा कसा चालतो, हे मी शेजारच्या एका स्कूटरच्या वेळी पाहिले होते. माझा धीरच खचला.

रविवारी सकाळी एक नर्सबाई आली. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करणे हे तिचे काम. पायी फिरून तिला सगळ्यांपर्यंत पोहोचता येत नव्हते. सोबत तिचे मामा होते. मामा म्हणजे जुन्या गाड्या पारखण्यात मुरलेला माणूस. माझ्या चकचकीत आरशाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. ते सरळ वाकले आणि इंजिनाला हात लावला. लगेच मागे घेतला.

"चल गं," ते भाचीला म्हणाले. "गाडी आधीच तापवून ठेवलीय. थंड असताना सुरू होत नसणार. कुठंतरी पाणी मुरतंय."

मित्रांनो, काय झाले होते ते सांगते. मालकाने पहाटे उठून मला धुतले, पुसले आणि बराच वेळ सुरू ठेवून छान ऊबदार केले होते. जन्मभर पाव विकलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार! जुनी गाडी घेणारा इंजिन थंड असताना बघतो, हे त्या भाबड्याच्या गावीही नव्हते.

"अहो, तुम्ही येणार म्हणून गरम केली," तो गडबडून म्हणाला. "थंडगार गाडी कशी ठेवायची तुमच्या पुढ्यात?"

मामा मान हलवून जायला वळले. तेवढ्यात मालकाची बायको दारातून म्हणाली, "गरम आहे तर निवू द्या की! तेवढ्यासाठी कशाला परत जाताय? बसा, चहा टाकते."

नर्सबाई हसली आणि बसली. भाची बसली म्हणून मामांनाही बसावे लागले.

पण त्यांना कुठला दम! चहाचा कप घेऊन ते माझ्याभोवती फिरू लागले. चेन ओढून पाहिली, चाके फिरवून पाहिली, हँडल या टोकाचे त्या टोकाला नेले. मग मीटर बघून म्हणाले, "वयाच्या मानानं फार नाही चालली." मला हायसे वाटले.

"तसं नाही हो," मालक म्हणाला. "मीटर एकदा पुरा फिरून परत सुरू झालाय. दुसरा गिअर कुरकुरतो. आणि तेलही जरा जास्त पिते."

अरे बाबा, गप्प बस ना! मी मनातल्या मनात ओरडले. माझ्या पायावर तू का धोंडा मारतोस? पण मामांनी कप खाली ठेवला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिले.

इंजिन निवले. नर्सबाईने किक मारली. मी खोकले. दुसऱ्या किकलाही नुसतीच खोकले. मालकाने डोळे मिटून घेतले आणि मला तो हातोडा दिसू लागला. तिसऱ्या किकला मी अंगातला सगळा जीव एकवटला आणि धडधडत उठले! मामा लगबगीने मागे गेले आणि धूर बघू लागले. "थोडा निळा आहे," ते म्हणाले. "तेल पिते, हे खरं. माणूस खोटं बोलला नाही."

मग ती मला घेऊन निघाली. चढावर तिने मुद्दाम वेग कमी करून मला पुन्हा ओढायला लावले. उतारावर दोन्ही ब्रेक आजमावले. सपाट रस्त्यावर हँडलची पकड सैल केली, तरी मी सरळच गेले. गिअर कुरकुरला तेव्हा मला लाजल्यासारखे झाले. "असू दे गं, ठाऊक आहे मला," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी माझ्याशी कुणी बोलले होते.

परत आल्यावर ती मालकाला म्हणाली, "काका, घेते मी."

मालकाने किल्ली तिच्या हातात ठेवली, पण तो तिथेच घुटमळला. "ताई, कोपऱ्यापर्यंत मला मागे बसवून न्याल का? एवढी वर्षं चालवली, पण हिच्यावर मागे बसायची पाळीच आली नाही."

"पडाल हो!" बायको ओरडली. तोवर तो बसलाही होता. आधी त्याने मागून सूचनांचा सपाटा लावला. क्लच सावकाश सोडा, आता गिअर टाका. मग सूचना विसरून तो गल्लीच बघत बसला. कोपऱ्यावर उतरून त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "काय मऊ चालते हो ही! पुढे बसून कधी कळलंच नाही मला."

मित्रांनो, आता मी औषधांची पेटी घेऊन दारोदार जाते. हे दुसरे आयुष्य मला त्या माउलीच्या चहाने, मामांच्या पारखीने, नर्सबाईच्या विश्वासाने आणि मालकाच्या खरेपणाने मिळाले. तुमच्याही घरात एखादी खूप चाललेली वस्तू कोपऱ्यात पडली असेल. तिला तेलपाणी करा, तिची कुरकुर ऐकून घ्या. आणि जिने तुम्हाला आजवर वाहून नेले, तिच्यापाशी घटकाभर नुसते बसून बघा.