दुमडलेलं टोक

खेळण्यांच्या त्या दुकानात खोटं बोलायला मालक होते आणि खरं बोलायला ताई. अकरा वर्षं ही वाटणी दोघांना सोयीची पडली. अशी काही वाटणी आहे, हे मात्र ताईला ठाऊक नव्हतं.

सध्या सगळ्यांना डुलक्याचं वेड लागलं होतं. एक डोळा मिटलेलं, एक कान पडलेलं लोकरीचं बाहुलं. शिवता शिवता शिवणारीलाच डुलकी लागली असावी असं. दर शनिवारी दुकानात बारा यायचे आणि त्या बारांसाठी शंभर माणसं शटरबाहेर उभी. त्यात टाय लावलेले बाप्येही.

"ताई, खरंच बाराच?" हे सगळे तिलाच विचारत. मालकांना विचारून कोणी वेळ घालवत नसे.

"बाराच. असते तर दिले नसते का?" ती सांगे आणि लोक मुकाट घरी जात.

ऐकलं नाही ते फक्त तिच्या धाकट्या बहिणीने. तिच्या लेकीला काळा डुलक्या हवा होता.

"दुकानाची चावी तुझ्याकडे आणि भाचीला एक मिळत नाही? गिऱ्हाइकांना सांगतेस ते मला नको सांगूस."

"अगं, नाहीतच तर कुठून आणू?"

धाकटीने बाहेरून आठपट किंमत मोजून घेतला. त्यानंतर तीन आठवडे ती ताईचा फोन उचलत नव्हती.

एरवी मालक गोदामाचं कुलूप स्वतः उघडून बारा डुलके टोपलीत घालून आणत. या शनिवारी त्यांना उशीर झाला, म्हणून त्यांनी खोकंच काउंटरवर आणून ठेवलं. "नवा माल. उघड लवकर."

ताईने कात्री घेतली आणि तिचा हात तिथेच थांबला. चिकटपट्टीचं टोक दुमडलेलं होतं, इवल्याशा त्रिकोणात. ही तिचीच खोड. उघडणाऱ्याला टोक शोधत नखं झिजवावी लागू नयेत म्हणून. दुकानातली पोरं त्यावरून तिची टर उडवत.

दोन महिन्यांपूर्वी मालक म्हणाले होते, "डुलक्यांची शिलाई खराब आहे. सगळा माल परत जाणार. नीट बांध." तिने दोन दिवस मान मोडून चाळीस खोकी बांधली होती.

"दादा, हे मी बांधलेलं खोकं आहे."

मालकांनी बंद शटरकडे पाहिलं. "हळू. मागे गोदामात उरलेली तीस खोकी एकदम मांडली तर कुत्रंही विचारणार नाही. कंपनीचाच निरोप आहे, थोडे थोडे काढा."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या तोंडावर दिसलं असतं. ही सगळी रांग तुझ्या एका 'नाही'वर उभी आहे, ताई."

ते मनापासून कौतुक करत होते. तेच तिला जास्त लागलं.

"आणि बाहेर आठपटीने विकतं ते कोण?"

"मेहुणा आमचा. त्याला चार खोकी दिली."

"माझ्या बहिणीने त्याच्याकडूनच घेतला असेल."

"आधी बोलायचं ना! कमी करायला लावलं असतं."

ताईने शटर वर केलं. "मागे अजून तीस खोकी आहेत," ती रांगेला म्हणाली. "हवे तितके घ्या."

पहिल्या नंबरचा गृहस्थ पहाटेपासून उभा होता. "मग 'बाराच' म्हणून कोण सांगत होतं? तुम्हीच ना?" मालक शेजारीच उभे होते, त्यांना कोणी काही बोललं नाही. मागची रांग विस्कटली. हातात काळा डुलक्या आलेली एक बाई तो परत ठेवत म्हणाली, "आहेत एवढे तर घेऊ पुढे कधीतरी."

दुकान रिकामं झाल्यावर ताईने काउंटरच्या फोनवरून बहिणीला फोन लावला. अनोळखी नंबर म्हणून धाकटीने तो उचलला. ताईने सगळं सांगितलं, एका दमात.



"ती खोकी बांधली कोणी?"

"मी. पण मला..."

"स्वतःच्या हातांनी चाळीस खोकी बांधलीस आणि मला म्हणालीस, नाहीतच."

फोन कट झाला. ताईने रिसीव्हर ठेवला. परत लावून बोलणार तरी काय? धाकटी जे म्हणाली, त्यात एक शब्द खोटा नव्हता.